गोधडी शिवण्याआधी कोरे कापड धुवून घ्यावे का?

सुईदोरा

नमस्कार. रोजच्या वापरासाठी साधारण २२० बाय २४० सेंटीमीटर मापाची गोधडी शिवायला घेणार आहे. वरच्या थरासाठी छापील सुती कापडे जमवली आहेत. त्यांत पांढरी आणि फिकी कापडे पुष्कळ असली, तरी एक गडद लाल आणि एक निळीत रंगवलेले कापडही आहे. अस्तराला मांजरपाट, मध्ये कापसाचे तयार बॅटिंग (मधल्या थरात घालायची मऊ, जाड चादर) आणि वरच्या थरातच काही ठिकाणी गठ्ठ्याने मिळणारे, आधीच कापलेले ५ इंची चौकोन, असा बेत आहे. तुकड्यांची जोडणी यंत्रावर करीन; तिन्ही थर मात्र हाताने धावदोरा घालून एकत्र शिवायचे आहेत.

कापायला घेण्याआधी ही सगळी कापडे धुवून घ्यावीत, की कोरीच शिवून गोधडी पूर्ण झाल्यावर एकदम धुवावी? दोन्ही बाजूंनी ठाम सल्ले ऐकले आहेत, पण कारणे फारशी कोणी सांगत नाही. कापड किती आटेल आणि रंग किती जाईल, हे आधी ताडून पाहण्याची एखादी घरगुती रीत असेल तर तीही सांगावी. शिवाय, बॅटिंगही धुवायचे असते का?

उरेब

गोधडी पहिल्यांदा धुतली जाईल तेव्हा तिचे सगळे भाग सारख्या प्रमाणात आटणार आहेत का, एवढे एकच आधी पाहावे, असे माझे मत आहे. आटणार असतील तर कोरे कापड शिवूनही काही बिघडत नाही. गोधडी थोडी लहान होईल आणि थोडी चुरगळलेली दिसेल, इतकेच. एक भाग पुष्कळ आटला आणि शेजारचा जागचा हलला नाही, तर मात्र शिवणीजवळ चुण्या पडतात, चौकोन वाकडे होतात आणि अस्तर वरच्या थराला ओढून धरते. कितीही इस्त्री केली तरी ते नंतर सरळ होत नाही.

सुती कापड का आटते, ते थोडक्यात सांगते. कापसाचा तंतू पाण्यात लांबीला फारसा बदलत नाही. तो जाडीला फुगतो. सूत कातताना, मागावर विणताना आणि नंतरच्या धुलाई-रंगाईच्या प्रक्रियांतून जाताना कापड सतत ताणाखाली असते, आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत ते वाळवून गुंडाळले जाते. घरी आणून भिजवले की तो ताण सुटतो. सूत फुगते, आणि फुगलेल्या आडव्या धाग्यांना वळसा घालून जाताना उभ्या धाग्याची जास्त लांबी खर्ची पडते. त्यामुळे कापड तेवढे आखूड भरते. मागावर सर्वांत जास्त ताण उभ्या धाग्यांवर असतो, म्हणून आटही बहुधा लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी येते. कोऱ्या कापडातून काही पट्ट्या उभ्या आणि काही आडव्या कापून त्या एकमेकींना जोडल्या, तर एकाच कापडाच्या असूनही त्या वेगवेगळ्या आटतील, हेही यातूनच निघते.

घट्ट विणीचे, चांगले छापील सुती कापड साधारण २ ते ५ टक्के आटते. फ्लॅनेलसारखे सैल विणीचे आणि लवदार कापड ५ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिएस्टर जवळजवळ आटतच नाही, त्यामुळे सुती तुकड्यांच्या शेजारी मिश्र धाग्याचे कापड बसवताना विशेष जपावे. काही सुती कापडे कारखान्यातच आटवून येतात. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकी गृहस्थांनी १९३० च्या सुमारास शोधलेल्या प्रक्रियेत ओलसर कापड जाड पट्ट्यावर दाबून लांबीत आधीच आखूड केले जाते, आणि मग त्यात साधारण १ टक्काच आट शिल्लक राहते. कापडाच्या काठावर ‘सॅन्फोराइझ्ड’ असा शिक्का दिसला तर अर्थ तोच. तुमचा मांजरपाट मात्र याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तो बहुधा न धुतलेला आणि खळीने भरलेला असतो, म्हणून तुमच्या यादीत आटण्याच्या बाबतीत मला सर्वांत जास्त शंका त्याचीच वाटते.

ताडून पाहण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक कापडाचा सुमारे ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या आत, काठापासून दूर, २० सेंटीमीटरचा चौकोन आखावा. पेनाची खूण धुण्यात जाऊ शकते, म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने सैल टाके घालून खूण करावी. टाके घट्ट झाले तर ते स्वतःच कापड ओढतील. उभ्या धाग्याच्या दिशेला एक बाण काढल्यासारखा टाका घालून ठेवावा. मग पूर्ण झालेली गोधडी ज्या पाण्याने धुणार आणि जशी वाळवणार, अगदी त्याच रीतीने हे तुकडे धुवून वाळवावेत. थंड पाण्यात चाचणी करून पुढे गोधडी गरम पाण्यात धुतली, किंवा सावलीत वाळवून पाहिले आणि नंतर गोधडी ड्रायरमध्ये घातली, तर चाचणीला काही अर्थ राहत नाही. वाळल्यावर इस्त्रीने न ओढता, फक्त दाबून सपाट करावे आणि मोजावे. २० सेंटीमीटरच्या चौकोनात प्रत्येक २ मिलिमीटर म्हणजे १ टक्का. तुमच्या २४० सेंटीमीटर लांबीवर १ टक्का म्हणजे २.४ सेंटीमीटर होतात, हे लक्षात घेतले की अस्तरातला २-३ टक्क्यांचा फरकसुद्धा का नडतो ते कळेल.

रंगकुंड

आटण्याबद्दल वर सविस्तर आले आहे. मी रंगाबद्दल लिहिते, कारण कापड रंगवणे हे माझे रोजचे काम आहे.

आजकालचे बहुतेक चांगले सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवलेले असते. हे रंग १९५६ मध्ये आयसीआय या कंपनीने प्रथम बाजारात आणले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, रंगाचा रेणू कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जातो, आणि असा जोडलेला रंग साध्या धुण्याने सुटत नाही. परंतु रंगवताना घातलेला सगळाच रंग जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि तंतूंमध्ये नुसता अडकून बसतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने पुन्हा पुन्हा धुवून काढावा लागतो. कारखान्यात ही शेवटची धुलाई घाईने उरकली असेल, तर उरलेला रंग तुमच्या पाण्यात उतरतो. गडद छटेसाठी रंग मुळातच जास्त घालावा लागतो, म्हणून लाल, गडद निळा आणि काळा यांच्याकडे संशयाने पाहण्याची जी सर्वसाधारण सवय आहे, ती रास्त आहे.

निळीची गोष्ट वेगळी आहे. नीळ तंतूशी रासायनिक बंध करतच नाही. ती कुंडात विरघळलेल्या रूपात तंतूत शिरते आणि हवा लागली की न विरघळणारी होऊन तिथेच बसते. त्यामुळे नीळ पाण्यात फारशी विरघळत नसली, तरी पृष्ठभागावर साचलेली नीळ घासण्याने सुटते आणि शेजारच्या पांढऱ्यावर किंवा हातावर लागते.

म्हणून या दोन कापडांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. लाल कापडाचा तुकडा आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा काचेच्या भांड्यात हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात, साबणाचे दोन थेंब टाकून, अर्धा तास एकत्र ठेवावेत. पाणी रंगले पण पांढरा तुकडा स्वच्छ राहिला, तर चिंता कमी. पांढरा तुकडा गुलाबी झाला, तर हे कापड धुतल्याशिवाय गोधडीत घालू नये. निळीच्या कापडावर पांढरा रुमाल आधी कोरडा आणि मग ओला करून जोराने दहा-बारा वेळा घासावा. कोऱ्या रुमालावर जो निळेपणा येईल, तोच पुढे शेजारच्या तुकड्यांवर येणार आहे.

मीठ आणि व्हिनेगर यांच्याविषयीही लिहिणे भाग आहे, कारण हा उपाय हमखास सुचवला जातो. मीठ कापूस रंगवताना कुंडात घालतात, ते रंग पाण्यातून कापडाकडे ढकलण्यासाठी. तयार कापडातला सुटा रंग पक्का करण्याची शक्ती मिठात नाही. आम्लाची गरज लोकर आणि रेशीम यांच्या रंगांना असते. सुती कापड व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होत नाही. पाणी स्वच्छ दिसू लागले तर ते सुटा रंग आधीच्या पाण्यात निघून गेल्यामुळे, आणि त्याचे श्रेय व्हिनेगरला मिळते! गरम पाणी, भरपूर पाणी आणि साबण, एवढेच खरे उपयोगी पडते.

मोजपट्टी

वरील दोन्ही प्रतिसादांतली माहिती बरोबर आहे, तरी मी दुसरी बाजू मांडते. मी गोधड्या कोऱ्या कापडाच्याच शिवते आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण अचूकतेचे. कोऱ्या कापडात खळ असते, त्यामुळे ते ताठ राहते, कापताना सरकत नाही आणि पाव इंचाची माया (शिवणीबाहेर सोडायची कड) सगळीकडे सारखी सुटते. धुतलेले कापड मऊ आणि ढिले होते. त्याचे तिरके कापलेले तुकडे तर हातातच ताणले जातात, आणि अनेक त्रिकोण जोडायचे असतील तर शेवटी कोपरे जुळत नाहीत. धुतल्यानंतर पुन्हा खळ फवारून इस्त्री करता येते हे खरे, पण मग गेलेली खळच परत आणण्यासाठी एवढा खटाटोप करायचा. दुसरे कारण असे की, यंत्रात धुताना कापलेल्या कडांच्या दशा निघतात, त्यांचा गुंता होतो आणि लहान तुकड्यांमधले बरेच कापड वाया जाते. तिसरे कारण रुचीचे आहे. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात गोधडी किंचित आक्रसते आणि टाक्यांभोवती ज्या बारीक सुरकुत्या उठतात, त्या मला हव्याच असतात. आधी सगळे धुवून, आटवून घेतलेली गोधडी फार गुळगुळीत आणि नवथर दिसते.

भिंतीवर टांगण्याची, कधीच न धुवायची गोधडी असेल तर आधी धुण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हेही नोंदवून ठेवते. तुमची रोजच्या वापरातली आहे, म्हणून लाल कापड मीही धुवून घेतले असते. बाकीचे मात्र कोरेच ठेवले असते.

बॅटिंगबद्दल: ते धुण्याआधी त्याच्या वेष्टनावरची सूचना वाचावी. तंतू सुयांनी टोचून एकमेकांत घट्ट गुंतवलेले बॅटिंग हलक्या हाताने भिजवता येते. नुसतेच थरावर थर देऊन केलेले बॅटिंग यंत्रात घातले तर त्याचे गोळे होतात. दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर ठेवावे, हेही त्याच वेष्टनावर दिलेले असते, आणि हाताने धावदोरा घालणार असाल तर तो आकडा आधी माहीत असलेला बरा.

उरेब

मोजपट्टीताई, सुरकुत्यांच्या बाबतीत एक गोष्ट सुचवते. वरचा थर आणि अस्तर धुतलेले असले आणि मधले कापसाचे बॅटिंग तेवढे कोरे ठेवले, तरी त्या सुरकुत्या येतात, कारण कापसाचे बॅटिंग स्वतः ३ ते ५ टक्के आटते आणि दोन्ही बाजूंच्या कापडाला टाक्यांच्या ओळींमध्ये गोळा करते. म्हणजे रंगाची खात्रीही मिळते आणि तुम्हाला आवडते तसे रूपही. बॅटिंग पॉलिएस्टरचे असेल तर अर्थातच हे होणार नाही.

दशांविषयी मात्र तुमची तक्रार योग्य आहे. धुण्याआधी कापलेल्या दोन्ही कडांवर नागमोडी शिलाई मारली किंवा दातेरी कात्रीने कडा कापल्या, तर दशा पुष्कळ कमी निघतात. एवढाही वेळ नसेल तर चारही कोपऱ्यांचे छोटे त्रिकोण कापून टाकावेत. गुंता बहुतेक वेळा कोपऱ्यांपासूनच सुरू होतो. अर्ध्या मीटरपेक्षा लहान तुकडे जाळीच्या पिशवीत घालावेत, किंवा हाताने धुवावेत.

काजबटण

त्वचा नाजूक असेल किंवा गोधडी लहान बाळासाठी असेल, तर धुण्याला आणखी एक कारण आहे. चुरगळू नये म्हणून कापडावर जी रेझिनची प्रक्रिया करतात, तिच्यात फॉर्माल्डिहाइड वापरलेले असू शकते. धुतल्याने त्यातला सुटा भाग निघून जातो आणि नव्या कापडाचा उग्र वासही जातो. शिवणाऱ्याला तासन्‌तास त्या कापडावर वाकून बसायचे असते, हे लक्षात घेता शिवण्याआधीच धुतलेले चांगले.

आणखी एक: वरच्या थरात काही आकार चिकटवून बसवायचे असतील, म्हणजे इस्त्रीने चिकटणारी जाळी वापरणार असाल, तर खळ किंवा रेझिन असलेल्या कापडावर ती नीट धरत नाही. त्यासाठीही धुवावे, पण कापड मऊ करणारे द्रव्य शेवटच्या पाण्यात घालू नये, कारण त्याच्या लेपामुळेही जाळी सुटते.

सुईदोरा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे चाचण्या केल्या. फिकी छापील कापडे लांबीत २ ते ३ टक्के आणि पन्ह्यात १ टक्क्याच्या आसपास आटली. मांजरपाट लांबीत ६ टक्के आणि पन्ह्यात ३ टक्के आटला. लाल कापड ३ टक्के आटले, आणि भांड्यातला पांढरा तुकडा स्पष्ट गुलाबी झाला. निळीच्या कापडाने कोरडा रुमाल थोडा आणि ओला रुमाल बराच रंगवला. गठ्ठ्यातला एक चौकोन भिजवून पाहिला, तर तो साधारण अडीच टक्के आटला आणि त्याच्या कडांच्या दशा निघाल्या.

आता अडचण त्या चौकोनांचीच उरली आहे. ते यंत्रात धुता येणार नाहीत हे दिसते आहे, आणि बाकी सगळे धुवून तेवढे कोरे ठेवले तर ते नंतर आटतील. त्यांचे काय करावे?

उरेब

चौकोन यंत्रात घालू नयेत, हे बरोबर. एका पसरट भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात ते न चोळता, न पिळता अर्धा तास बुडवून ठेवावेत, मग टॉवेलवर सपाट पसरून वाळवावेत आणि दाबून इस्त्री करावी. नंतर सगळे चौकोन पुन्हा पावणेपाच इंचांवर छाटून घ्यावेत. चारही बाजूंनी थोडे कापड जाईल, पण मापे पुन्हा एकसारखी होतील. छाटण्याचा कंटाळा असेल तर ते कोरे वापरण्यालाही माझा फारसा आक्षेप नाही. जोडल्यानंतर ५ इंची चौकोन साडेचार इंचांचा दिसतो, आणि त्यावर अडीच टक्के म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर होतात. धावदोऱ्याच्या ओळी जवळ असल्या तर एवढा फरक सुरकुत्यांत मिसळून जातो. लहान तुकड्यांत जो फरक पोटात घालता येतो तो अस्तरात येत नाही, कारण तिथे कापड एकसंध आणि लांब असते. मांजरपाट ६ टक्के आटला असेल तर तो दोनदा धुवावा, कारण असे खळीचे कापड पहिल्या धुण्यात सगळे आटतेच असे नाही, आणि अस्तर नेहमी धुतल्यानंतरच मापून कापावे. आणखी कापड घ्यायचे असेल तर कोऱ्या लांबीत किमान ७ टक्के वाढवून घ्यावे, म्हणजे २४० सेंटीमीटर हवे असतील तर सुमारे २६० सेंटीमीटर. शिवाय थर जोडताना चारही बाजूंनी जे थोडे अस्तर बाहेर ठेवतो, ते वेगळे.

फिकी कापडे कोरी ठेवावीत की धुवावीत, यावर मोजपट्टीताईंचे आणि माझे एकमत होणार नाही, पण तुमच्या आकड्यांकडे पाहता मी ती धुवीन. लाल तर धुवावे लागणारच आहे, आणि धुतलेले लाल व कोरे पांढरे शेजारी आले की आटण्याचा फरक नेमका दोन विरुद्ध रंगांच्या शिवणीवर दिसेल.

धुतल्यावर इस्त्री करण्याआधी कापड थोडे ओलसर असतानाच दोन्ही काठ जुळवून धरावे आणि ते वाकडे लोंबते का ते पाहावे. लोंबत असेल तर तिरक्या दिशेने हलके ओढून धागे काटकोनात आणता येतात. पूर्ण वाळल्यावर ते तितके ऐकत नाहीत. खळ फवारायची असेल तर ती या वेळी फवारावी. मात्र खळ घातलेले कापड महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये, कारण तिला कसर लागते.

रंगकुंड

लाल कापड एकटेच, गरम आणि भरपूर पाण्यात, साबण घालून धुवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवावे. त्यानंतर काचेच्या भांड्यातली चाचणी नव्या पांढऱ्या तुकड्याने पुन्हा करावी; आधीच गुलाबी झालेला तुकडा परत वापरू नये. एवढे करूनही गोधडीच्या पहिल्या धुण्यात लालाने दगा दिलाच, तर गोधडी वाळू देऊ नये. पांढऱ्यावर चढलेला तो रंगही सुटाच असतो, बंधाने जोडलेला नसतो, म्हणून ती ओली असतानाच ६० अंश सेल्सियसच्या आसपासच्या गरम पाण्यात साबण घालून पूर्ण बुडवून काही तास ठेवली, तर बहुतेक वेळा तो परत पाण्यात निघून येतो. पाणी रंगले की बदलावे. मात्र हे पाणी गोधडीतल्या इतर कापडांना सोसेल, याची खात्री आधी करून घ्यावी.

निळीच्या कापडाला हा इलाज लागू नाही. ते तीन-चार वेळा धुवून ओल्या रुमालाची चाचणी पुन्हा करावी. रुमाल तरीही निळा होत असेल, तर ते कापड या गोधडीत पांढऱ्याच्या शेजारी न लावता लाल किंवा इतर गडद तुकड्यांमध्ये बसवावे. मगजीसाठी तर ते अजिबात घेऊ नये. गोधडीचा काठ सर्वांत जास्त घासला जातो, आणि पांघरल्यावर हनुवटीला लागतो तोही काठच.

सुईदोरा

मगजी निळीच्या कापडाचीच करायची ठरवली होती. ती आता फिक्या छापील कापडाची करते आणि निळे तुकडे लालाच्या शेजारी हलवते. मांजरपाट आजच भिजत घातला आहे.